काच, कवडी आणि तांडा

भालकीच्या मुलखात मराठी आणि कन्नड एकाच ओसरीवर नांदतात, याचा आपल्याला अभिमान असतो. पण याच मुलखात गोरबोलीही बोलली जाते. तिला स्वतःची लिपी नाही. म्हणून बंजाऱ्यांचा इतिहास मी कागदाइतकाच बायकांच्या पेहरावात शोधतो.

घेरदार फेटिया, त्याच्या कमरेचा भरलेला पट्टा म्हणजे लेपो, पाठीवर बंदांनी बांधायची कांचळी आणि डोईवर टुकरी, असा हा साज. त्यावर काच बसवायची कशी? काचेला भोक नसते. म्हणून आधी तिच्यावरून दोऱ्यांची आडवी-उभी जाळी टाकून ती कापडाला जखडायची, मग त्याच जाळीत टाके गुंतवीत भोवती कडे भरायचे. कवडीची फुगीर पाठ फोडली, की ती कापडावर सपाट बसते आणि तिच्यातून दोरा जातो. बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूरकडे या टाक्यांना तेरा डोरा, रेलो, माकी, नाकरा अशी नावे आहेत.

हे सामान वाटेवरचे आहे. कवडी मालदीवच्या समुद्रातली. एकेकाळी ती चलन म्हणून चालत असे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून लमाणांनी दख्खन पालथे घातले, मोगल फौजांना रसद पुरवली. बाजारात जे हाती आले, ते बायकांनी अंगावर मांडले.

१८७१ साली मुंबई आणि मद्रासकडचे लोहमार्ग रायचूरला जुळले. रेल्वे पसरत गेली तसे बैलांचे तांडे थांबले. त्याच साली ब्रिटिशांचा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि पुढे अनेक ठिकाणी लमाणांवरही तो शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि तांडे तीन राज्यांत विभागले. आज उदगीरकडे दिलेली बहीण विमुक्त जातीत, भालकीकडची अनुसूचित जातीत, तर जहीराबादकडची अनुसूचित जमातीत मोडते. कांचळी मात्र तिघींच्या आईने एकाच हाताने भरलेली!

संडूरच्या कशिद्याला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० च्या बैठकीवेळी १,७५५ लंबाणी वस्तूंच्या प्रदर्शनाची गिनीज बुकात नोंद झाली. आनंदच आहे. पण आपल्याकडच्या तरुण मुली आता साडी किंवा पंजाबी ड्रेस घालतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. भरलेला फेटिया अंगावर घेऊन दिवसभर राबणे सोपे नाही. पेहराव सुटला तर सुटो, टाक्यांची नावे तरी सुटू नयेत. आपल्या शेजारच्या तांड्यावरच्या म्हाताऱ्या आजींना ती अजून तोंडपाठ असतील. त्यांच्यापाशी बसून लिहून घ्यावीत. लिपी मराठी असो की कन्नड, दोन्ही आपल्याच आहेत.