‘एडेलवाइस’ची चाल : पारंपरिक की रचित?

आल्प्समधील एका फुलावरील ‘एडेलवाइस’ हे गीत ऑस्ट्रियातील जुने लोकगीत होय, असा समज पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. तो साधार नाही. ही चाल रिचर्ड रॉजर्स यांनी ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या संगीत नाटकासाठी बांधली. पदरचना ऑस्कर हॅमरस्टीन यांची. नाटक न्यूयॉर्क येथे १९५९ साली रंगभूमीवर आले. चित्रपट १९६५ सालचा.

मग हा भ्रम उपजला कशाने? कथानक १९३८ सालचे, जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला त्या वेळचे. तेथे नायक हे पद स्वदेशाचे गीत म्हणूनच गातो. नाटककाराची ही कल्पना प्रेक्षकांनी इतिहास म्हणून स्वीकारली. तात्पर्य, चालीचा साधेपणा हे प्राचीनत्वाचे प्रमाण नव्हे. कालनिर्णयास लेखी पुरावाच हवा.