प्रकाशयामिकी, पोकळीतील

समोरासमोरच्या दोन आरशांमधील पोकळीत कोंडलेला प्रकाश आणि त्यांतील हलू शकणारा आरसा यांच्या परस्परपरिणामांचा अभ्यास. परावर्तित होताना प्रकाश आरशाला संवेग देतो, हाच प्रारणदाब. तो अत्यल्प असतो : २०० किलोवॅटचा झोत लंबदिशेने परावर्तित झाला, तरी बल सुमारे ०.००१३ न्यूटन, म्हणजे जेमतेम १३५ मिलिग्रॅमच्या भाराएवढे भरते.

आरसा सरकला की पोकळीची लांबी बदलते, अनुस्पंदन ढळते, आत साठलेला प्रकाश कमीजास्त होतो आणि त्याबरोबर दाबही. मात्र हा बदल घडायला थोडा वेळ लागतो. सारी मेख या उशिरात आहे. लेसरची कंप्रता अनुस्पंदनाच्या कंप्रतेपेक्षा किंचित कमी ठेवली, तर उशिरा आलेला दाब कंपनाला आवर घालतो व आरसा ‘थंड’ होतो. किंचित जास्त ठेवली, तर कंपन फोफावते.

इतिहास : प्रारणदाब ल्येबेदेव्ह (मॉस्को) आणि निकल्स व हल (अमेरिका) यांनी १९०१च्या सुमारास मोजला. पोकळीतील परिणामाची मांडणी १९६७ पासून मॉस्को विद्यापीठातील ब्रागिन्स्की व सहकाऱ्यांनी केली. २०११ मध्ये बोल्डर येथे अॅल्युमिनियमचा सूक्ष्म पडदा (सूक्ष्मतरंगांनी) आणि कॅलटेकमध्ये सिलिकॉनची तुळई (लेसरने) सरासरी एका कंपनपुंजापेक्षाही (कंपनऊर्जेच्या एका मात्रेपेक्षाही) खाली, अनुक्रमे ०.३४ व ०.८५ पर्यंत, थंड करण्यात आली.

लायगो : या विषयाची खरी कसोटी येथे लागली. अमेरिकेतील या गुरुत्वीय तरंगशोधकांच्या ४ किमी. लांबीच्या भुजांत ४० किग्रॅ.चे आरसे टांगलेले आहेत. झोताची शक्ती वाढविली की मापनातील एक गोंगाट घटतो, पण प्रकाशाच्या धक्क्यांचा दुसरा वाढतो. शिवाय आरशाचे स्वतःचे नाद प्रकाशाकडून ऊर्जा घेऊन बळावतात. हा धोका ब्रागिन्स्की गटाने २००१ मध्ये वर्तविला होता. लायगोच्या लिव्हिंग्स्टन येथील शोधकात सुमारे १५.५ किलोहर्ट्झवर तो प्रत्यक्ष दिसला. आरशाभोवतीच्या वलयाकार तापकाने त्याची वक्रता किंचित बदलून, म्हणजे प्रकाश व नाद यांचा मेळ मोडून, तो आटोक्यात आणला गेला. प्रकाशाच्या पुंजीय चढउतारांनी हे अवजड आरसे सुमारे १०⁻²⁰ मी. हलतात, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनातून दिसले.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायच्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. तेथेही भुजा ४ किमी.च्याच असतील.

अन्य उपयोग : त्वरणमापक, बलमापन.