धने दप्तरात सापडतात, कोथिंबीर कुठे शोधायची?

घरी कोथिंबीर लावायची असेल तर पहिलं काम धने फोडायचं. फोडायचे म्हणजे कुटायचे नाहीत. फरशीवर पसरायचे आणि वरून लाटणं किंवा चपलेचा तळ हलक्या हाताने फिरवायचा. धना मधोमध उकलतो आणि त्याची दोन अर्धी वेगळी होतात. आपण ज्याला एक बी समजतो ते खरं तर अख्खं फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. रात्रभर भिजवा, अर्धा इंच मातीखाली पेरा, ओल टिकवा. आठ-दहा दिवसांत उगवण दिसते, थंडीत दोन आठवडेही लागतात. साधारण चाळीस दिवसांत पाला काढायला येतो. बाजारात येणारी जुडी मुळासकट उपटलेली असते, पण घरी दोन बोटं दांडी ठेवून कात्रीने कापलीत तर ती आणखी एक-दोनदा फुटते. उन्हाळ्यात मात्र पाल्यापेक्षा फुलांचीच घाई करते, त्यामुळे दुपारी सावली येईल अशी जागा बघा.

एवढं तुम्हाला घरातलं कोणीही सांगेल. पीएचडीची तयारी करणाऱ्यांसाठीच्या या ब्लॉगवर मी ते का सांगतेय, तर त्या चाळीस दिवसांसाठी. पाला हवा तर चाळीस दिवस. धने हवे तर तेच झाड तीन-साडेतीन महिने उभं ठेवावं लागतं. तोवर पाला जून होतो, वरची पानं दोऱ्यासारखी बारीक निघतात, पांढरट-गुलाबी फुलं येतात, मग फळं. म्हणजे एका झाडाकडून दोन्ही नीट मिळत नाहीत, आधी ठरवावं लागतं. आणि ज्याने चाळिसाव्या दिवशी झाड उपटलं, त्याने नकळत इतिहासकाराचाही पुरावा उपटला. कसं ते बघू.

आधी धने घेऊ, कारण त्यांचा इतिहास लिहिणं सोपं आहे. इजिप्तमध्ये 1922 साली तुतानखामेनची कबर सापडली, तिच्यातल्या सामानात अर्धा लिटरभर धने होते. ग्रीसमध्ये मातीच्या पाट्यांवरची लिनिअर बी ही लिपी मायकेल व्हेंट्रिसने 1952 साली उलगडली. त्या पाट्या म्हणजे राजवाड्यांच्या कोठाराचे हिशेब, आणि त्यांत धन्यांची नोंद मापासह आहे. आपल्याकडे कौटिलीय अर्थशास्त्रात कोठाराच्या अधिकाऱ्याची कामं सांगणारा अध्याय आहे. त्यात तिखट-उग्र पदार्थांच्या यादीत पिंपळी, मिरी, आलं, जिरं यांच्या ओळीत 'कुस्तुंबुरू' येतं.

कबर, राजवाडा, सरकारी कोठार. तिन्ही ठिकाणी वस्तू साठवून ठेवतात आणि मोजतात. जे साठतं ते मोजलं जातं, जे मोजलं जातं त्याची नोंद होते आणि नोंद आपल्यापर्यंत पोचते. धने या साखळीत अगदी फिट बसतात. कोथिंबीर पहिल्याच पायरीवर गळते.

ती का गळते याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे (मी मुळात सायन्सची, त्यामुळे हा भाग मला जास्त आवडतो). पाल्याचा वास येतो तो अल्डिहाइड गटातल्या संयुगांमुळे. पाला वाळवला की तो वास जवळजवळ निघून जातो आणि हातात गवत उरतं. पिकलेल्या धन्याच्या तेलात मुख्य घटक असतो लिनालूल. तो फळाच्या आत, कठीण आवरणाखाली, महिनोन्महिने टिकतो. गंमत म्हणजे हिरव्या कच्च्या फळाला पाल्याचाच वास असतो. फळ पिकून वाळताना तो बदलतो. चोळून बघा एकदा. पुदिना किंवा मेथी वाळवून ठेवता येते, कोथिंबिरीला तो मार्ग बंद. त्यामुळे तिचा लांबचा व्यापार नाही, कोठार नाही आणि हिशेबही नाही.

बरं, कागद नसेल तर माती खणू. त्यासाठी आम्हा शिक्रापूरकरांना लांब जायला नको. आपल्याच शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षं तिथे खोदकाम केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. सुमारे इ.स.पू. 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे उघडी झाली: घरं, चुली, बळदं, पाणी वळवायचा पाट. जळून कोळसा झालेले दाणेही मिळाले, त्यांत जव, गहू, मसूर, कुळीथ, वाल अशी धान्यं-कडधान्यं आहेत. बोरांच्या बिया आहेत.

आता या यादीकडे संशोधक म्हणून बघा. दाणा चुलीजवळ सांडतो, अर्धवट जळतो, कोळसा होतो आणि कोळसा कुजत नाही, म्हणून तीन हजार वर्षं टिकतो. पाला एक तर खाल्ला जातो, नाहीतर कुजतो, नाहीतर जळून राख होतो. मग तुम्ही म्हणाल, परागकण? परागकण मातीत हजारो वर्षं टिकतात, खरं आहे. पण कोथिंबीर फुलायच्या आधीच उपटली तर परागकण येणार कुठून? आणि एखाददुसरं झाड फुललं तरी या कुळातले परागकण, म्हणजे जिरं, ओवा, बडीशेप, गाजर या सगळ्यांचे, एकमेकांपासून वेगळे ओळखणं अवघड असतं. म्हणून 'तीन हजार वर्षांपूर्वी शिरूरकडचे लोक धान्य आणि कडधान्यच खायचे, भाजीपाला नाही' असं वाक्य कोणी लिहिलं, तर ते लोकांच्या जेवणाबद्दल काहीच सांगत नाही. ते फक्त काय जळतं आणि काय कुजतं एवढं सांगतं. व्हायवाला हा फरक विचारतात.

मग उरतो शब्द. इथे मराठीने आपल्यावर उपकार केलेत.

संस्कृतात या वनस्पतीला दोन मुख्य नावं: कुस्तुंबुरू आणि धान्यक किंवा धान्याक. पाणिनीने कुस्तुंबुरू शब्दातल्या एका 'स'साठी वेगळं सूत्र केलंय, म्हणजे शब्द तेव्हाही रुळलेला होता. पुढे काशिकावृत्ती सांगते की हे वनस्पतीचं नाव आहे आणि तिच्या फळांनाही तेच म्हणतात. अमरकोशात ही दोन्ही नावं एकमेकांना पर्याय म्हणून येतात, तीही वैश्यवर्गात, शेती-व्यापाराच्या शब्दांमध्ये. तिथे त्यांच्या एका बाजूला ओलं आलं आहे आणि दुसऱ्या बाजूला सुंठ. आल्याचं ओलं रूप वेगळं, वाळलेलं वेगळं, दोघांना स्वतंत्र नावं. मधल्या धन्याला मात्र ओला-सुका असा भेद नाही. कोशकाराचा डोळा बाजारातल्या मालावर होता असं मला वाटतं, आणि बाजारात सुंठ आणि आलं असे दोन माल होते.

मराठीत काय झालं बघा. कुस्तुंबुरूचा प्राकृतातून आलेला वारस 'कोथिंबीर' पाल्याला चिकटला आणि धान्यकाचा वारस 'धने' फळाला. एकही गृहिणी चुकूनसुद्धा 'धन्याची जुडी आणा' म्हणणार नाही. गुजरातीतही असंच, कोथमीर आणि धाणा. पण हिंदीत दोन्हीला धनियाच, फार तर हरा आणि साबुत. कन्नडमध्ये उलट, दोन्हीला कोत्तंबरी, पुढे सोप्पु म्हटलं की पाला आणि बीज म्हटलं की धने. अमेरिकेतल्या इंग्रजीत अलीकडे अशीच वाटणी झाली. पाल्याला स्पॅनिशमधून आलेलं सिलँट्रो, फळाला कोरिअँडर. तिथे ती मेक्सिकन जेवणामुळे झाली. म्हणजे पाला आणि फळ ही स्वयंपाकघरात दोन वेगळी कामं झाली की भाषा त्यांना वेगळी नावं देऊ शकते. मराठीत ही वाटणी 1831 साली मोल्सवर्थचा कोश छापला गेला त्याच्या बऱ्याच आधी पक्की असणार, कारण कोश रुळलेले शब्दच उचलतो.

पण इथे थांबा. शब्दावरून पदार्थाचं वय काढायचा मोह सगळ्यांना होतो. शब्द जुना म्हणून पाला खाण्याची पद्धत तितकीच जुनी, असं होत नाही. नाव तेच राहून अर्थ सरकू शकतो, कुस्तुंबुरूचा सरकलाच आहे. शब्द एवढंच दाखवतो की मराठी बोलणाऱ्या घरांत पाला ही इतकी रोजची गोष्ट झाली की तिला स्वतःचं नाव लागलं. सिनॉप्सिसमध्ये याच्या पलीकडचं वाक्य टाकू नका.

शिवकाळातली नोंद घ्या. 1673 साली शिवाजी महाराजांच्या लष्करी तळावरच्या अधिकाऱ्यांना चिपळूण भागात पाठवलेलं एक प्रसिद्ध पत्र आहे. रयतेला त्रास देऊ नका, लागेल ते बाजारातून विकत घ्या, अशी त्यात ताकीद आहे. दाणा, गवत, लाकूडफाटा यांच्यासोबत भाजीपालाही आहे. पत्र कळकळीचं आहे, पण आपल्या कामासाठी बघा: भाजीपाला एका शब्दात आला. कोणती भाजी, कोणाच्या परसातली, ती कोणी लावली, याची अधिकाऱ्याला गरज नव्हती. पुढे इंग्रजांनी 1830च्या दशकात आपल्याच जिल्ह्यात इंदापूरपासून महसुलाची नवी मोजणी सुरू केली. मोजणीत जमीन आली, तिचा कस आला, जिरायत-बागायत आलं. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला दोन हात वाफा कुठल्याच सर्व्हे नंबरात बसत नाही. तो वाफा बहुतेक घरांत बायका सांभाळायच्या, आणि रोजच्या कालवणावर पडणारा पाला तिथूनच यायचा. दप्तरात कोथिंबीर नाही याचा अर्थ या कामाची दखल घ्यायला दप्तराकडे रकाना नव्हता.

आज रकाना आहे, तोही मजेशीर. पुण्याच्या मार्केट यार्डात धन्याचा भाव क्विंटलवर निघतो आणि कोथिंबिरीचा शेकडा जुड्यांवर. एक वजन, दुसरी मोजणी. धने येतात लांबून, राजस्थानात कोटा जिल्ह्यातलं रामगंजमंडी किंवा मध्य प्रदेशातलं कुंभराज ही त्यांची नावाजलेली ठिकाणं. कोथिंबीर येते एका रात्रीच्या अंतरावरून, म्हणजे आमच्यासारख्या गावांतून. जर्मन जमीनदार-अर्थशास्त्रज्ञ फॉन थ्यूनेन याने 1826 साली मांडलं होतं की शहराभोवतीच्या पहिल्या कड्यात दूध आणि भाजीपाला असतो, कारण तो माल थांबत नाही. शिक्रापूर पुण्यापासून चाळीसेक किलोमीटरवर, नगर रस्त्यावर, बरोबर त्या कड्यात. फक्त त्या पुस्तकात बैलगाडी-घोडागाडी आहे आणि आपल्याकडे टेम्पो. आणि माल थांबत नाही याची किंमत शेतकरीच मोजतो: भाव पडला की काढणीची मजुरीही सुटत नाही आणि उभ्या प्लॉटवर रोटर फिरतो.

दुसरीकडे सणसवाडी-रांजणगावच्या कंपन्यांमुळे याच कड्यात आता चाळी, प्लॉटिंग, फ्लॅट उभे राहिलेत. घराच्या मागची न्हाणी आत गेली, पाणी गटाराला लागलं, परस गेला. गॅलरीतल्या कुंडीत पुन्हा धने फोडले जातात, पण वाफ्याची माहिती ज्यांच्याकडे आहे त्या बायका आज सत्तर-ऐंशीच्या आहेत. एखादा विषय 'नंतर करू' म्हणून ठेवता येतो, हा ठेवता येणार नाही.

तुमच्यापैकी कोणाला मौखिक इतिहासात काम करायचं असेल तर सुरुवात स्वतःच्या गावातून करा. फक्त प्रश्न नीट बनवा. "आजी, तुम्ही कोथिंबीर लावायचात का?" असं विचारलंत तर "लावायचो की" एवढंच उत्तर येतं आणि रेकॉर्डर बंद होतो. त्याऐवजी विचारा, "तुमच्या न्हाणीचं पाणी कुठं जायचं?" मग अळू येतं, केळ येते, तिच्या कडेची कोथिंबीर येते, बी कोणाकडून मागून आणलं ते येतं, आणि पाणी शेजारणीच्या वाफ्यात गेलं म्हणून झालेलं भांडणसुद्धा येतं. ते सगळं तारखेसकट लिहून घ्या. वर्ष आठवत नसेल तर बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, एवढं विचारा.