बेतून घेणे

आमच्या दुकानात कातरीला हात लागायच्या आधी कापड कितीतरी वेळ सतरंजीवर पसरलेलं असायचं. वडील त्याच्याभोवती गुडघ्यांवर फिरत, खडूची रेघ ओढत, हाताने पुसत, पुन्हा ओढत. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणत, "थांबा जरा, बेततोय अजून." कापणं, टीप घालणं, काजं-बटणं हे सगळं त्यानंतरचं. बेत चुकला तर शिवण कितीही सुबक असली तरी कपडा अंगाला बसत नाही, हे मी अक्षरओळखीच्या आधी शिकले.

परवा नात म्हणाली, "आजी, कस्टमाइज करण्याला मराठीत शब्दच नाही गं." केक, सोफा, लग्नपत्रिका, सगळ्यांच्या जाहिरातींत तिने हाच शब्द पाहिलेला. मी उठून मोल्सवर्थचा कोश काढला. १८३१ साली पहिल्यांदा निघालेल्या आणि १८५७ साली वाढवलेल्या या कोशात 'बेतणे' आहे, आणि त्याचा अर्थ आमच्या सतरंजीवरचाच आहे: अंगरख्यासाठी, चोळीसाठी कापड मापाने कातरणे. हिंदीतही 'ब्योंतना' म्हणजे कापड मापाने कापणं आणि 'ब्योंत' म्हणजे कापड कापण्याची रीत, तशीच योजनाही. दोन्ही भाषांत कातर आणि योजना एकाच शब्दात नांदतात, हा मला योगायोग वाटत नाही.

लुगडं आणि धोतर यांना बेत लागत नाही. अख्खं कापड, नेसणाऱ्याने अंगावरच बसवायचं. बाराबंदीतही बंद सैल-घट्ट करून अंगाशी जमवून घेता येतं. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत पांढऱ्या बाराबंद्या अजून दिसतात. चोळीत मात्र अशी सवलत नाही. गुळेदगुड्डचा खण आला की वडील आधी त्याचे काठ बघत. काठ दोन्ही बाह्यांवर यायलाच हवा, बाईचा दंड भरलेला असला तरी. पाठ, बगला, कटोऱ्या असे सगळे तुकडे उरलेल्या कापडातून निघायचे आणि कातरण मूठभरच उरायचं. कापड वाढत नसतं आणि माणूसही कापडासाठी बारीक होत नसतो. या दोघांचा मेळ घालण्याचं नाव बेतणं.

जूनमध्ये शाळेचे कपडे यायचे. आया हटकून सांगत, "वाढत्या अंगाचं बेता हो." म्हणजे माप आजचं घ्यायचं आणि कपडा पुढच्या वर्षाचा करायचा. वडील शिवणीत दोन बोटं कापड दुमडून आत ठेवत. त्या राखून ठेवलेल्या कापडाला शिंपी 'माया' म्हणतात. पुढच्या जूनमध्ये शिवण उसवायची, माया सोडायची, की सदरा पुन्हा अंगाला यायचा. शिंपीकामातला याहून सुंदर शब्द मला ठाऊक नाही.

बारा बलुत्यांत शिंपी नाही. अलुतेदारांच्या काही याद्यांत तो सापडतो. पण आमच्या घरी त्याची खंत कोणी केली नाही, कारण आमच्याकडे नामदेव होते. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि त्यांतल्या एका पदात शिंप्याचा गज, कातर आणि सुई भक्तीच्या कामाला लागलेली आहेत. पंढरपूरला गेलं की वडील नामदेव पायरीशी इतरांहून जास्त वेळ थांबत.

दुकानातला 'बेत' मराठीने घरभर नेला. स्वयंपाकाचा बेत ठरतो तोही डब्यात काय आहे आणि पानावर कोण आहे हे पाहूनच. 'बेताची परिस्थिती' म्हणताना कापड किती कमी आहे हे कळतं, तरी त्यात माणसाची हेटाळणी नाही. 'जिवावर बेतलं' म्हणतो तेव्हा संकट नेमकं आपल्याच मापाचं झालेलं असतं. निदान मी तरी त्या प्रयोगाचा अर्थ असाच लावते. सिनेमावाल्यांनीही हा शब्द अचूक उचलला. 'श्यामची आई'त ४२ रात्री आहेत. अत्र्यांनी १९५३ साली त्या पुस्तकावर चित्रपट बेतला तेव्हा काय ठेवायचं आणि काय कातरायचं हा प्रश्न त्यांच्यापुढे आमच्या वडिलांसारखाच असणार.

तयार कपडे आले आणि माप माणसाचं न राहता स्मॉल, मीडियम, लार्ज असं झालं. वडिलांकडे मग बेतायला कमी आणि आखूड करायला जास्त येऊ लागलं. ते काम त्यांनी मन लावून केलं, पण त्याला बेतणं कधी म्हटलं नाही.

'कस्टमाइज'मध्ये मला फक्त गिऱ्हाइकाची हौस ऐकू येते. 'बेतणे'त माप घेणारा हात आहे, कापडाची मर्यादा आहे आणि उद्यासाठी राखलेली मायाही आहे. म्हणून सुतार, सोनार, केक करणाऱ्या मुली, छापखानेवाले, सगळ्यांना माझी विनंती आहे. पुढची पाटी रंगवाल तेव्हा तीवर लिहा: 'तुमच्या मापाने बेतून मिळेल.'