रॅप, मराठी (झाडीपट्टी)

यमकबद्ध, तालावर बोललेले गाणे. हिपहॉपचे एक अंग. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ मध्ये जन्मलेल्या हिपहॉपला पुण्याच्या रॅपर एमसी स्टॅनमुळे महाराष्ट्रात घरोघरी ओळख मिळाली (‘बिग बॉस’ विजेता, २०२३). मराठी रॅपची पुढची वाट मात्र बोलींतून आणि हक्कांच्या प्रश्नांतून जाईल असे दिसते. महादेव कोळी समाजातील माही जी आदिवासींच्या जंगल-जमिनीवर रॅप करते; अमरावतीचा रॅपर विपिन तातड वऱ्हाडी मुलखातून आला. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात, झाडीबोली, गोंडी, माडिया अशी भाषासंपदा आहे. जल-जंगल-जमीन हा तर तिथला रोजचा विषय. शिवाय दंडार, खडी गंमत या तिथल्या लोकनाट्य प्रकारांत हजरजबाबी बोलणे मुरलेलेच आहे. रॅपला वेगळी शिकवणी कशाला? मंचही तयार आहे : देसाईगंज (वडसा) हे केंद्र असलेल्या झाडीपट्टी रंगभूमीची नाटके दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर चालतात.