अर्जदार, आरोपी आणि प्रतिनिधि

सरकारी दप्तरांत सामान्य मनुष्याचा प्रवेश बहुधा दोनच वाटांनीं होतो. कांहीं मागावयाचें असेल तर तो अर्जदार म्हणून येतो, आणि कांहीं बिघडलें असेल तर आरोपी म्हणून आणला जातो. ज्यांच्यापाशीं जमीन, वतन किंवा विद्या असते त्यांना आणखीही दरवाजे उघडे असतात. पण ज्याच्यापाशीं श्रम करणाऱ्या दोन हातांपलीकडे कांहीं नाहीं, त्याला पुष्कळ काळ तिसरी वाट नव्हती. हिंदुस्थानांतील कामगारांचा सरकाराशीं जो व्यवहार झाला त्याचीं कागदपत्रें पाहूं लागलें म्हणजे ही तिसरी वाट, प्रतिनिधीची वाट, कशी पडली व तिच्यासाठीं काय मोल द्यावें लागलें, हें हळूहळू ध्यानांत येतें.

आरंभ मुंबईच्या परळांतूनच करणें प्राप्त आहे. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यत्वें लहान मुलांपुरता होता. १८८४ सालीं मुंबई सरकारनें ह्या प्रश्नाच्या चौकशीसाठीं एक कमिशन नेमलें. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत परळ येथें गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, आणि पांच हजारांवर कामगारांच्या नांवाचा अर्ज कमिशनपुढें आला. मागण्या किती साध्या! रविवारीं सुटी मिळावी. दुपारीं अर्धा तास विसावा असावा. काम सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच चालावें. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत हातीं पडावा. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन मिळावें व जो कायमचा पंगु होईल त्याच्या निर्वाहाची तरतूद व्हावी. हा अर्ज वाचतांना मागणीपेक्षां तिच्या पोटांत दडलेली वस्तुस्थितीच अधिक बोलते. पंधरा तारखेच्या आंत पगार मिळावा म्हणून अर्ज करावा लागतो, याचा अर्थ तो त्यानंतरही रखडत असे.

त्या अर्जानें लागलीच कांहीं हातीं आलें नाहीं. १८९० च्या २४ एप्रिलला मुंबईंत सुमारें दहा हजार कामगारांची सभा भरली; तींत दोन कामगार स्त्रियांनीं भाषणें केलीं. पुढें १० जून रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यानें आठवड्याच्या सुटीस सरकारी मान्यता मिळाली. इतकें होऊनही १८९२ सालच्या सरकारी फॅक्टरी अहवालांत लोखंड्यांच्या मिलहँड्स असोसिएशनविषयीं जो शेरा आहे त्याचा मथितार्थ असा कीं, ही कांहीं संघटित संस्था नव्हे. हिला सभासदांची यादी नाहीं, निधि नाहीं, नियम नाहींत. लोखंडे हे विचारावयास येणाऱ्या कामगारांस स्वेच्छेनें सल्ला देणारे एक गृहस्थ आहेत. शेरा अक्षरशः खोटा नव्हता. परंतु ज्याच्या हांकेला हजारों माणसें जमतात त्याच्याजवळ वही नाहीं म्हणून तो कोणाचाच प्रतिनिधि नव्हे, असा न्याय त्यांत गर्भित होता. अर्ज घ्यावयाचा, पण अर्जदारांचा संघ मानावयाचा नाहीं, हें त्या काळच्या सरकारचें धोरण एका शेऱ्यांत साठविलेलें आहे.

हें धोरण बदलण्यास कारण परदेशांत घडलें. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहान्वयें आंतरराष्ट्रीय मजूरसंघटना स्थापन झाली, आणि तिच्या परिषदेस जाणारा कामगारांचा प्रतिनिधि त्या त्या देशांतील सर्वांत अधिक प्रातिनिधिक अशा कामगारसंस्थांच्या संमतीनें निवडावा, असें ठरलें. १९१९ सालीं वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेस हिंदुस्थान सरकारनें भारत सेवक समाजाचे नारायण मल्हार जोशी यांस पाठविलें; पण संमति घ्यावी अशी अखिल देशाची संस्थाच तेव्हां नव्हती. ती उणीव ३१ ऑक्टोबर १९२० रोजीं मुंबईंत भरून निघाली. लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखालीं ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचें पहिलें अधिवेशन भरलें. पुढें १९२६ सालीं लालाजी स्वतःच कामगारांचे प्रतिनिधि म्हणून जिनीव्हास गेले. सरकारच्या विरोधांत उभी राहणारी संस्था, आणि तरीही सरकारशीं बोलण्यासाठीं आवश्यक असलेली संस्था, असें तिचें दुहेरी स्वरूप जन्मापासूनच होतें.

बोलण्याचा अधिकार मिळाला, तरी संघ चालविण्याचा अधिकार मिळावयाचा होता. मद्रासच्या बकिंगहॅम व कर्नाटिक गिरणीच्या तंट्यांत तेथील कामगारसंघाचे पुढारी बी. पी. वाडिया यांच्यावर १९२० सालीं हायकोर्टांतून मनाईहुकूम काढण्यांत आला. संप करा असें सांगणारा मनुष्य करार मोडावयास लावणारा ठरूं लागला. जोशी हे मध्यवर्ती कायदेमंडळांत मजुरांचे नियुक्त सभासद होते. त्यांनीं मार्च १९२१ मध्यें संघांची नोंदणी व संरक्षण यांसाठीं कायदा करावा असा ठराव आणला. कायदा झाला तो १९२६ त, आणि अंमलांत आला १ जून १९२७ पासून. सात जणांनीं मिळून अर्ज केला म्हणजे संघाची नोंद होऊं लागली. मात्र नियम लिहून द्यावे लागत व दरसाल जमाखर्चाचा तक्ता सादर करावा लागे. लोखंड्यांच्या संघाजवळ जी वही नव्हती ती आतां कायद्यानेंच आली. कामगारांच्या संघास संरक्षण मिळालें, आणि सरकारला त्याच्या घरांत डोकावण्यास खिडकीही मिळाली.

ह्या व्यवहाराची खरी कसोटी १९२९ सालीं लागली. आदल्या वर्षीं मुंबईच्या दीड लाखांच्या आसपास गिरणीकामगारांनीं सुमारें सहा महिने संप चालविला होता. २० मार्च १९२९ रोजीं सरकारनें देशभर धरपकड करून मीरतचा खटला उभारला. आरोपींत श्रीपाद अमृत डांगे होते, तसेच १९२५ सालीं ट्रेड युनियन काँग्रेसचें अध्यक्षपद भूषविलेले ठेंगडीही होते. आणि त्याच वर्षीं त्याच सरकारनें मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालीं रॉयल कमिशन नेमून त्यावर जोशी व दिवाण चमनलाल यांस सभासद म्हणून घेतलें. एकाच संस्थेच्या एका पुढाऱ्यास पिंजरा आणि दुसऱ्यास खुर्ची! दोघांपैकीं कोणाची जागा अधिक मानाची, असा प्रश्न कामगारवर्गापुढें पडला तर नवल नाहीं.

वर्षाच्या अखेरीस नागपूरास जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं अधिवेशन भरलें. कमिशनवर बहिष्कार घालण्याचा ठराव झाला, आणि जोशी व त्यांचे सहकारी बाहेर पडून त्यांनीं निराळें फेडरेशन काढलें. नऊ वर्षांपूर्वीं ज्या एका आवाजासाठीं संस्था काढली त्याचे दोन आवाज झाले. ही भेग बुजावयास १९४० साल उजाडलें.

कोण बरोबर होता? ह्याचा निवाडा देण्यापूर्वीं दोन्ही बाजूंचीं दप्तरें पाहिलीं पाहिजेत, आणि तीं विलक्षण रीतीनें परस्परपूरक आहेत. मीरतच्या खटल्यांत पोलिसांच्या लघुलेखकांनीं टिपून घेतलेलीं कामगारपुढाऱ्यांचीं भाषणें पुरावा म्हणून दाखल झालीं. मैदानांतील मराठी भाषण एरवीं वाऱ्यावर विरून गेलें असतें. त्याला शिक्षा देऊं पाहणाऱ्यांनींच तें जपून ठेविलें, तेंही इंग्रजींत उतरवून. दुसरीकडे कमिशनच्या साक्षीपुराव्याचे अकरा खंड आहेत. त्यांत मालक, अधिकारी व संघांचे चिटणीस यांच्याबरोबर कित्येक कामगार स्त्रीपुरुषांच्याही जबान्या आहेत: घरभाडें किती, कर्ज किती, मूल कामाच्या वेळीं कोठें ठेवितां. कमिशनचा अहवाल १९३१ सालीं बाहेर पडला. त्यानंतर १९३४ च्या कायद्यानें बारमाही कारखान्यांत आठवड्याचे तास चौपन्नांवर आले, आणि १९३६ चा वेतनाचा कायदा झाला. पगार वेळेवर हातीं पडावा ही परळची मागणी बावन्न वर्षांनीं कायद्याच्या भाषेंत उतरली. हें फळ खुर्चीचें, असें म्हणतां येईल; पण १९२८ चा संप झाला नसता तर ती खुर्ची मांडली गेली असती काय, हेंही विचारलें पाहिजे.

खुर्चीचा धोका मात्र खराच होता. दुसऱ्या महायुद्धांत, ७ ऑगस्ट १९४२ रोजीं, मजूरखात्याचे सभासद डॉ. आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालीं दिल्लींत सरकार, मालक व कामगार यांची त्रिपक्षीय परिषद भरली. कामगार आतां अर्जदार राहिला नव्हता. तो टेबलाच्या तिसऱ्या बाजूस बसला होता. दुसऱ्याच दिवशीं मुंबईंत ‘छोडो भारत’चा ठराव झाला. त्याच काळांत एम्. एन्. रॉय यांच्या इंडियन फेडरेशन ऑफ लेबरला युद्धप्रचारासाठीं सरकारकडून दरमहा तेरा हजार रुपये मिळत होते. पैशाचा विनियोग कसाही झालेला असो. ज्याच्याशीं भांडावयाचें त्याच्याच तिजोरींतून संघाचा खर्च चालूं लागला म्हणजे प्रतिनिधि कोणाचा, हा प्रश्न पुन्हां उभा राहतो.

जोश्यांचे कागद आज दिल्लीस तीनमूर्ति भवनाच्या ग्रंथसंग्रहांत आहेत. पोलिसांच्या टिपणांचीं बाडें मुंबईच्या दप्तरखान्यांत आहेत. एकांत विनंत्या, तारा व ठराव, दुसऱ्यांत संशय. केवळ पहिलीं वाचलीं तर कामगारचळवळ ही सभ्य पत्रव्यवहाराची कथा वाटेल, आणि केवळ दुसरीं वाचलीं तर ती कटांची मालिका वाटेल. दोन्ही समोरासमोर ठेविलीं म्हणजे दिसतें तें असें कीं, खोलींत बसलेल्या प्रतिनिधीच्या शब्दास वजन येई तें बाहेर उभ्या असलेल्या माणसांमुळें, आणि बाहेरच्यांच्या आरोळीचा कायदा होई तो आंत कोणी नेटानें कलम लिहीत बसल्यामुळें. हें परस्परावलंबन त्या दोघांनाही पुरतें मान्य नव्हतें. परळच्या सभेस आलेल्या पांच हजारांवर माणसांपैकीं बहुतेकांची नांवें आज कोणास ठाऊक नाहींत. तरीही आपल्या घरांत रविवार उजाडतो तेव्हां, ज्यांच्या संघाला वही नव्हती त्यांचाच तो एक न फेडलेला हिशेब आहे, एवढें स्मरण ठेवावयास काय हरकत आहे?