ओरोव्हिल : ९०१ फुटांची रेषा

उत्तर कॅलिफोर्नियात फेदर नदीवर ओरोव्हिल धरण आहे. मातीचं, २३५ मीटर उंच. अमेरिकेत याहून उंच धरण नाही. १९६८ मध्ये पूर्ण झालं. साठा सुमारे १५४ टीएमसी, म्हणजे आपल्या कोयनेच्या जवळपास दीडपट. शेतीला आणि शहरांना पाणी द्यायचं, वीज करायची आणि हिवाळ्यात खालच्या गावांना पुरापासून वाचवायचं, ही सगळी कामं या एकाच तलावाची. शेतीला तलाव भरलेला हवा आणि पुरासाठी त्यात जागा मोकळी हवी. या ओढाताणीतच धरण चालवावं लागतं. म्हणून पाणी कधी आणि किती सोडायचं, याचे नियम इथे ठरलेले होते. सांडवा आपलं काम करणारच, हे त्या नियमांनी गृहीत धरलं होतं.

७ फेब्रुवारी २०१७, सकाळी दहाच्या सुमारास. सलग काही वर्षांच्या दुष्काळानंतर पावसाने झोडपून काढलं होतं. मुख्य सांडव्यातून ५२,५०० क्युसेक पाणी चाललं होतं. अचानक मधल्या टप्प्यात पाणी वेडंवाकडं उसळू लागलं. दरवाजे बंद करून पाहिलं, तर काँक्रीटमध्ये भलंमोठं भगदाड.

इथे थोडं थांबायला हवं. काँक्रीटखालचं पाणी वाहून जावं म्हणून नळ्या टाकल्या होत्या. त्या काँक्रीटच्या थराच्या जाडीतच घुसल्या होत्या, त्यामुळे नेमका त्यांच्यावरचा थर पातळ राहिला आणि तिथेच भेगा पडल्या. वेगाने वाहणारं पाणी भेगेत शिरतं, थराखाली त्याचा दाब साचतो आणि तो थर खालून उचलतो. थर धरून ठेवणाऱ्या सळया पक्क्या खडकात असत्या तर टिकल्या असत्या. बऱ्याच ठिकाणी त्या कुजलेल्या, ठिसूळ दगडात होत्या. या भेगा आणि नळ्यांतून येणारं भरमसाट पाणी सांडवा बांधून झाल्याझाल्याच दिसलं होतं. सुरुवातीला कुणाला तरी ते खटकलंही. मग ते नेहमीचंच ठरलं आणि पुढे जवळपास ५० वर्षं डागडुजी चालू राहिली.

८ आणि ९ फेब्रुवारी. दरवाजे बंद ठेवावेत तर तलाव भरतोय, उघडावेत तर सांडवा फुटतोय. थोडं थोडं पाणी सोडून पाहिलं. भगदाड वाढत गेलं. ९ तारखेला तलावातली आवक १ लाख ९० हजार क्युसेकपर्यंत पोहोचली.

१० फेब्रुवारी. सांडव्याच्या कडेची जमीन ढासळत विजेच्या मनोऱ्यांकडे सरकू लागली. वाहून आलेल्या ढिगाऱ्याने खालचं पात्र तुंबलं, वीजकेंद्र बंद ठेवावं लागलं. मनोरे आणि वीजकेंद्र वाचवायचं म्हणून विसर्ग ५५ हजारांच्या आसपास आणला. त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता : तलाव समुद्रसपाटीपासून ९०१ फुटांची पातळी ओलांडणार आणि पाणी आपत्कालीन सांडव्यावरून जाणार. तिथला खडक कच्चा आहे, हे भूवैज्ञानिकांनी आणि स्थापत्य अभियंत्यांनी सांगितलं होतं. निर्णय घेणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण त्यांनी हा सल्ला बाजूला ठेवला. मला या सगळ्या क्रमात हीच घडी सर्वांत जड वाटते.

११ फेब्रुवारी, सकाळी आठ. धरणाच्या इतिहासात पहिल्यांदाच आपत्कालीन सांडव्यावरून पाणी वाहू लागलं. हा सांडवा म्हणजे काँक्रीटची एक लांब, बुटकी भिंत. भिंतीखाली उघडा डोंगरउतार. २००५ मध्ये पर्यावरण संघटनांनी हा उतार काँक्रीटचा करा, अशी मागणी केंद्रीय नियामकांकडे केली होती. साडेतीन लाख क्युसेकलाही हा सांडवा पुरेल, असं उत्तर मिळालं.

१२ फेब्रुवारी, पहाट. भिंतीवरून १२,६०० क्युसेक. यापुढे हा आकडा वाढला नाही. उतार पोखरायला एवढंच पाणी पुरलं.

दुपारी साडेतीनच्या सुमारास. उतारावर घळी पडल्या होत्या आणि त्या वरच्या बाजूला, भिंतीच्या पायाकडे सरकत होत्या. पाणी घळीच्या तोंडाशी खाली कोसळतं, तिथली माती पोखरतं, वरचा काठ ढासळतो, की घळ आणखी काही फूट मागे येते. ती पायाखाली पोहोचली असती तर भिंत कोसळली असती आणि तलावाचा वरचा ३० फुटांचा थर एकाच वेळी खोऱ्यात सुटला असता.

दुपारी सव्वाचार ते पावणेपाच. ब्यूट काउंटीचे शेरीफ कोरी होनिया यांनी गावं रिकामी करण्याचा हुकूम दिला. ही रंगीत तालीम नाही, हे हुकुमात तीनदा लिहिलं होतं. कॅलिफोर्नियाच्या जलसंपदा विभागाने जाहीर केलं, की आपत्कालीन सांडवा तासाभरात कोसळू शकतो. १ लाख ८८ हजार माणसांना घर सोडावं लागलं. रस्त्यांवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. युबा सिटी परिसरात पंजाबी शीख कुटुंबं कित्येक पिढ्यांपासून शेती करतात. तीही या गर्दीत होती. सॅक्रामेंटोच्या गुरुद्वारांनी येईल त्या माणसासाठी दारं उघडली.

धरणावर, मोडका मुख्य सांडवा आणखी मोडला तरी चालेल, असं ठरवून विसर्ग १ लाख क्युसेकवर नेला. रात्री आठ-नऊच्या दरम्यान पाणी ९०१ फुटांखाली उतरलं आणि भिंतीवरून वाहायचं थांबलं. भिंत उभी राहिली. १४ तारखेला लोक घरी परतले. दुरुस्तीला १०० कोटी डॉलरहून अधिक खर्च आला.

जानेवारी २०१८ मध्ये स्वतंत्र तज्ज्ञगटाचा अहवाल आला. धरणाचे मालक, नियामक आणि या क्षेत्रातली एकूण पद्धत, सगळेच दीर्घकाळ कमी पडले, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तपासण्या नेमाने झाल्या होत्या. पण त्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या होत्या. मूळ आराखडा आणि पायाच्या खडकाच्या नोंदी काढून, हे बांधकाम मुळात टिकेल का, हे नीट तपासलं गेलं नाही.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, तेव्हा गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केलेल्या होत्या. ओरोव्हिलला निदान घर सोडायला काही तास मिळाले. तिवऱ्याच्या लोकांना तेही मिळाले नाहीत. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने आपल्याकडे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली आहे. तुमचं गाव धरणाच्या खालच्या अंगाला असेल, तर ग्रामसभेत त्या तपासणीचा अहवाल मागा. आणि दरवर्षी बुजवलेली भेग दरवर्षी पुन्हा का उघडते, हे अभियंत्यांना विचारा.